दोन डायलचा मॅनिफोल्ड गेज: जुन्या पिकअपच्या एसीवर वापरून पाहिला

जुन्या गाडीचा एसी थंड करेनासा झाला की सल्ला ठरलेला: गॅस भरून घ्या. माझ्या पिकअपच्या बाबतीत तो इतक्यांनी दिला, की गॅसच्या डब्याऐवजी मी मॅनिफोल्ड गेजचा, म्हणजे एसीतल्या गॅसचं प्रेशर दाखवणारा, संच घेतला. साधा, ॲनालॉग, तीन होजचा (नळ्यांचा). उन्हाळाभर वापरून झालाय, म्हणून हे लिहितोय.

गाडीचं दुखणं असं होतं. रस्त्यावर वेग घेतला की हवा गार. सिग्नलला उभी राहिली की दोन-चार मिनिटांत हवा कोमट, आणि पुन्हा चालू लागली की गार. गॅस कमी असलेली गाडी सहसा असं वागत नाही, पण नुसत्या शंकेवर कोणी ऐकत नाही. आकडा लागतो.

जोडणी सोपी आहे. निळा डायल लो साइडचा (गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरकडे परत येणारी, कमी प्रेशरची बाजू), लाल हाय साइडचा (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी, जास्त प्रेशरची बाजू), मधला पिवळा होज गॅसच्या डब्याला किंवा व्हॅक्यूम पंपाला. एसीत आर-१३४ए हा गॅस असलेल्या गाडीत लो साइडचा पोर्ट १३ मिमीचा आणि हाय साइडचा १६ मिमीचा, त्यामुळे कपलर (होजच्या टोकाचे जोड) उलटसुलट लागूच शकत नाहीत. नुसतं निदान करायचं असेल तर गेजवरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंदच ठेवायचे. बंद असतानाही डायल प्रेशर दाखवतात. पिवळ्या होजला डबा लावलेला असताना आणि इंजिन चालू असताना लाल व्हॉल्व्ह उघडायचा नाही. हाय साइडचं प्रेशर डब्यात शिरतं आणि डबा फुटू शकतो. सोबतच्या माहितीपत्रकात हे तळाशी, बारीक अक्षरात छापलंय. ते सगळ्यात वर हवं होतं.

इंजिन बंद असताना दोन्ही काटे सारख्याच आकड्यावर येतात. तीस अंशांच्या हवेत आर-१३४ए साधारण ९७ पीएसआय (प्रेशरचं एकक) दाखवतो. पण त्यावरून गॅस पुरेसा आहे असं म्हणता येत नाही. आत थोडासा जरी द्रव गॅस शिल्लक असला तरी आकडा तोच येतो, कारण तो तापमानावर ठरतो, गॅसच्या वजनावर नाही. आकडा त्याच्या बराच खाली असेल तरच गॅस जवळपास संपलाय म्हणायचं. गॅसच्या डब्याबरोबर येणारा एका डायलचा, हिरवा-पिवळा-लाल पट्टा असलेला गेज इथेच लोकांना फसवतो. तो फक्त लो साइड बघतो, आणि बिघाड कळतो दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावर.

इंजिन चालू, एसी पूर्ण, ब्लोअर पूर्ण, दारं उघडी. अशा स्थितीत लो साइड साधारण २५ ते ४५ आणि हाय साइड १५० ते २५० पीएसआय असली की बरं. बाहेर ऊन कडक असेल तर हाय साइड वरच्या टोकाला जाते. माझ्या गाडीत आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) निळा काटा ५५ वर आणि लाल ३०० च्या पुढे चढत चाललेला. दोन्ही वर. अशा वेळी आणखी गॅस भरणं म्हणजे दुखणं वाढवणं. दोन्ही काटे वर जायची नेहमीची कारणं म्हणजे गॅस जास्त होणं, आत हवा शिरलेली असणं, किंवा कंडेन्सरची (गाडीच्या पुढच्या बाजूला गरम गॅस थंड करणाऱ्या जाळीची) उष्णता बाहेर न पडणं.

मग कंडेन्सरवर पाण्याचा बारीक फवारा मारला. लाल काटा डोळ्यांदेखत खाली आला आणि झरोक्यातून गार हवा सुटली. एवढ्यावर निकाल लागत नाही, कारण गॅस जास्त असला तरी पाण्याने प्रेशर उतरतंच. पण मग वेगात असताना गाडी इतकी नीट का वागत होती? म्हणून फवारा थांबवून समोर मोठा पंखा लावला. त्या नुसत्या वाऱ्यावरही दोन्ही काटे जागेवर आले. संशय गेला फॅन क्लचवर. या पिकअपचा पंखा इंजिनवरच फिरतो, मध्ये पंख्याला इंजिनशी जोडणारा सिलिकॉन तेलाचा व्हिस्कस क्लच असतो. गरम इंजिन बंद करून हाताने पंखा ढकलला तर तो भिंगरीसारखा फिरत राहिला, म्हणजे क्लच धरतच नव्हता, आणि क्लचच्या मध्यावर तेलाचा चिकट ओघळ होता. क्लच बदलला. गॅसला हातही न लावता आयडलिंगचे आकडे नीट झाले.

डायलच्या आतल्या वर्तुळात प्रेशरशेजारी गॅसचं तापमान छापलेलं असतं. या संचात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ती. २८ पीएसआय म्हणजे जवळजवळ शून्य अंश, हे समोर दिसत असलं की लो साइड फार खाली जाऊ लागताच कूलिंग कॉइलवर बर्फ धरणार हे लगेच समजतं. त्याच वर्तुळात आर-१२ या जुन्या गॅसची पट्टीही आहे, पण फार जुनी आर-१२ ची गाडी असेल तर हा संच तिला लावू नका. तिचे पोर्ट वेगळे, तेल वेगळं, आणि होजमध्ये उरलेला गॅस दुसऱ्या गाडीत मिसळतो.

आता तक्रारी. निळा काटा नवाकोरा असतानाच मोकळ्या हवेत शून्याच्या वर उभा होता. काच फिरवून काढली की आत स्क्रू आहे, त्याने बसवता येतो, पण हे माहितीपत्रकात कुठेच नाही. कपलरचे नॉब हलके प्लास्टिकचे, तेलकट हातात घसरतात. होज पिकअपच्या उंच बॉनेटखाली आखूड पडतात. गेज टांगायला हुक आहे, पण टांगायची जागा पंख्याच्या जवळ येते, म्हणून मी तो पुढच्या पत्र्यावर कापडात गुंडाळून ठेवतो.

शिवाय कॉम्प्रेसरचा क्लच (पंख्याचा नव्हे, कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा) लागतच नसेल तर दोन्ही काटे नुसते उभे राहतात. तिथे मल्टिमीटर लागतो: क्लचच्या वायरला १२ व्होल्ट येतात का ते बघायचं. व्होल्टेज येऊनही क्लच धरत नसेल तर कॉइल गेलेली असते किंवा पुलीपुढची फट झिजून वाढलेली असते. हीटरची झडप अडकून गरम हवा मिसळत असेल, तर काटे अगदी निर्दोष आकडे दाखवतात आणि केबिन मात्र तापतं. झरोक्यात धरायला एक थर्मामीटर या पेटीत द्यायला हवा होता. तो वेगळा घ्यावा लागला.