हरिश्चंद्राची फॅक्टरी: अजून बघितला नसेल तर बघाच
सिनेमा बनवतानाच्या गोंधळावरचे पिक्चर मला कायम आवडतात, पण परेश मोकाशींचा २००९ चा हा पिक्चर सगळ्यात जवळचा, कारण इथे दादासाहेब फाळक्यांना सिनेमा म्हणजे काय हेच आधी लोकांना समजावून सांगावं लागतं. त्यांचा १९१३ चा राजा हरिश्चंद्र हा सिनेमा बनवायला बाई मिळेना म्हणून हॉटेलात काम करणारा साळुंके तारामती होतो, वर पुरुष मिशी काढायला तयार नाहीत, कमाल सीन आहेत ते! फाळके झालेले नंदू माधव भारीच पण विभावरी देशपांडेची सरस्वतीबाई जास्त लक्षात राहते, घरही सांभाळते आणि नवऱ्याच्या या खटाटोपातही मनापासून उतरते. पैशांची ओढाताण मात्र फारच हसत उरकलीय, तेवढं खटकलं. पोरांना घेऊन बघा, दीडेक तासाचाच आहे.