बंदरातल्या वाऱ्यात टेलटेल : विकतचे पाकीट की बाजारातली लोकर

नवी मुंबईत राहून सुट्टीच्या दिवशी मुंबई बंदराच्या पाण्यात शीड उभारणारे लोक मोजकेच आहेत, त्यामुळे नौकानयनाचे किरकोळ सामान वाशी-नेरुळच्या दुकानांत मिळेल अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. टेलटेल, म्हणजे शिडावरून वारा कसा वाहतो आहे हे दाखवणाऱ्या हलक्या फिती, सहसा ऑनलाइनच मागवाव्या लागतात. येथे ज्या पाकिटाविषयी लिहीत आहे ते आयात केलेले असून त्यात लाल व हिरव्या रिपस्टॉप नायलॉनच्या अरुंद फिती, त्या शिडाला धरून ठेवणाऱ्या गोल चिकट चकत्या आणि मेनसेलच्या (डोलकाठीमागच्या मुख्य शिडाच्या) मागच्या कडेसाठी थोड्या रुंद फिती असा ऐवज आहे. या फिती एंटरप्राइज वर्गाच्या दोन माणसांच्या डिंगीवर, म्हणजे छोट्या शिडाच्या नावेवर, लावल्या आणि सोबतच्या दुसऱ्या डिंगीवर ठाणे स्थानकाजवळच्या बाजारातून आणलेली विणकामाची लोकर बांधली. पावसाळा संपल्यापासून पुढचा पावसाळा तोंडावर येईपर्यंत दोन्ही पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की जिबसाठी, म्हणजे पुढच्या छोट्या शिडासाठी, हे पाकीट अवश्य घ्यावे, मेनसाठी त्यावर विसंबू नये.

जिबच्या पुढच्या कडेपासून, म्हणजे लफपासून, साधारण वीतभर मागे, खालच्या, मधल्या व वरच्या उंचीवर एकेक जोडी लावायची असते. वाऱ्याकडची आणि वाऱ्याआडची अशा दोन्ही फिती सरळ मागे वाहत असतील तर शिडाच्या दोन्ही अंगांनी प्रवाह चिकटून चालला आहे असे समजावे. वाऱ्याकडची फीत फडफडू लागली, तर नाळ, म्हणजे नावेचे पुढचे टोक, वाऱ्याच्या फार जवळ गेली आहे किंवा शीट (शीड आवळण्या-सोडण्याचा दोर) ढिली आहे. वाऱ्याआडची फडफडू लागली, तर शीट गरजेपेक्षा जास्त आवळली आहे किंवा नाव वाऱ्यापासून फार दूर वळली आहे. नवशिक्यांना मी एवढेच सांगतो की जी फीत नाचते आहे तिच्या बाजूला टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, ढकला. दोन्ही बाबतींत उत्तर बरोबर येते. ठरावीक दिशेनेच जायचे असेल, तर टिलर स्थिर ठेवून तोच हिशेब शीटने करावा. दोन चुकांपैकी वाऱ्याआडची फडफड अधिक महाग पडते, कारण तेथे प्रवाह शिडापासून सुटलेला असतो. नाव कलते, जोर केल्याचा भास होतो आणि वेग मात्र येत नाही. वाऱ्याकडची फीत अधूनमधून किंचित उचलली गेली, तर मी ते खपवून घेतो, आणि जोराच्या वाऱ्यात तर ते इष्टच असते.

विमानांच्या पंखांवर धाग्यांचे झुपके चिकटवून प्रवाह पाहण्याची पद्धत जुनीच आहे. बोइंगमध्ये काम करणारे वायुगतिशास्त्राचे अभ्यासक आर्व्हेल जेन्ट्री यांनी १९७०च्या दशकात शिडांचे वायुगतिशास्त्र नौकानयन करणाऱ्यांना समजेल अशा भाषेत मांडले. लफच्या लगेच मागे आखूड धाग्यांची एक आडवी रांग लावावी, म्हणजे प्रवाह कोठे सुटतो आणि कोठे पुन्हा चिकटतो हे नेहमीची फीत फडफडण्याआधीच कळते, ही त्यांची युक्ती. या पाकिटातील फिती त्या कामासाठी फार लांब आहेत; ज्याला तसा प्रयोग करायचा असेल त्याने त्या कापून घ्याव्यात, चकत्या मात्र कमी पडतील.

आपल्या पाण्यात टेलटेलचे मोल वाढण्याचे खरे कारण भरती-ओहोटी आहे. मुंबई बंदरात मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते आणि ठाण्याच्या खाडीच्या तोंडाशी त्याचा ओढ चांगलाच जाणवतो. किनाऱ्यावरच्या इमारतींकडे किंवा मोबाइलमधील वेगाच्या आकड्याकडे पाहून शीट कसणाऱ्याची येथे हमखास फसगत होते, कारण तो आकडा जमिनीच्या सापेक्ष असतो. ओहोटीच्या पाण्याने नाव बाहेर वाहून नेली, तरी शीड उत्तम लागले आहे असे वाटत राहते. फितीला जमिनीशी काही देणेघेणे नसते. शिवाय दुपारचा समुद्री वारा कुलाब्याच्या उंच इमारतींवरून व शहरावरून बंदरात उतरतो, तेव्हा तो झोतांनी येतो आणि दिशाही बदलत राहतो. असा बदल चेहऱ्याला जाणवण्याआधी जिबवर दिसतो, आणि त्यासाठी पाकिटातील नायलॉन उत्तम आहे. सकाळचा जमिनीवरून येणारा मंद वारा मरू लागला, तरी या फिती शेवटपर्यंत हलत राहतात.

लोकरीची गंमत अशी की बाजारात लोकर म्हणून मिळणारा धागा पुष्कळदा ॲक्रिलिकचा असतो, आणि या कामासाठी ते बरेच आहे, कारण अस्सल लोकर ॲक्रिलिकपेक्षा कितीतरी अधिक ओलावा धरते. तरीही तुषार उडाले की कोणताही केसाळ धागा भिजून शिडाला चिकटतो, आणि वाळल्यावर त्यात उरलेले मीठ दमट हवेतील ओलावा पुन्हा ओढून घेते. गोड्या पाण्याने धुतला नाही, तर असा धागा वाळवणातल्या कुरडईसारखा ताठ होतो आणि मग मंद वाऱ्यात काहीच सांगत नाही. लोकरीच्या बाजूने एक गोष्ट निर्विवाद आहे : सुईने डेक्रॉनच्या (शिडाच्या पॉलिएस्टर) कापडातून ओवून दोन्ही बाजूंना गाठ मारली की ती पडत नाही, आणि पाकिटाच्या किमतीत इतके गुंडे येतात की सगळ्या मित्रांच्या नावांना पुरून उरावेत. मायलारसारख्या फिल्मच्या शिडाला मात्र सुईने भोके पाडू नयेत. तेथे चकतीच योग्य.

चकत्यांविषयी तक्रार आहे. पाकिटावर त्या कोणत्याही शिडावर टिकतील असे लिहिले आहे, पण खारट, दमट कापडावर नुसत्या दाबून लावलेल्या चकत्यांच्या कडा लवकरच सुटू लागल्या. शीड गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे, लावण्याची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, चकतीच्या कडा नखाने घट्ट घासाव्यात आणि एक रात्र शीड गुंडाळू नये, एवढे केल्यावर त्या टिकल्या. ही कृती पाकिटात छापायला हवी होती. जागा निवडताना फितीचे मोकळे टोक शिवणीपर्यंत पोहोचणार नाही हे पाहावे, कारण शिवणीच्या टाक्यांत अडकलेली फीत खोटी साक्ष देते. दोन बाजूंच्या फिती एकाच उंचीवर न लावता एक थोडी वर व एक थोडी खाली ठेवावी, म्हणजे कापडातून दिसणारी सावली कोणत्या बाजूची आहे याचा घोळ होत नाही.

येथे रंगाचा प्रश्न येतो. डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा हा संकेत पांढऱ्या डेक्रॉनवर छान चालतो, कारण उन्हात पलीकडची फीत आरपार दिसते. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आराखडा केलेल्या एंटरप्राइजची शिडे मात्र परंपरेने निळी असतात, आणि निळ्यावर हिरवी फीत जवळजवळ नाहीशी होते. पलीकडची तर सावलीही धड कळत नाही. शिडात पारदर्शक खिडकी असेल तर एक जोडी तेथे लावावी. नसेल तर या पाकिटाऐवजी भडक नारिंगी फितींचे पाकीट शोधावे, असा माझा निळ्या शिडवाल्यांना सल्ला आहे.

पाकिटासोबतच्या कागदात एकाच जोडीचा विचार केला आहे. तीन जोड्या एकमेकींशी ताडून पाहिल्याने जो फायदा होतो त्याचा उल्लेखही नाही. वाऱ्याकडच्या तिन्ही फिती एकाच वेळी उचलल्या जाव्यात ही जिबची अपेक्षित स्थिती. वरची आधी फडफडली तर शिडाचा वरचा भाग फार उघडला आहे, म्हणून जिबच्या शीटची कप्पी पुढे सरकवावी. खालची आधी फडफडली तर कप्पी मागे न्यावी. हे एकदा जमले की वारा वाढल्यावर कप्पी जाणीवपूर्वक थोडी मागे नेऊन वरचा जोर सोडून देता येतो. उलट पाठीमागून वारा घेऊन जाताना प्रवाह मुळात शिडाला चिकटून वाहतच नाही, तेव्हा जिबवरच्या फितींकडे पाहणे सोडावे आणि डोलकाठीला आधार देणाऱ्या तारांना बांधलेल्या धाग्यावरून वाऱ्याची दिशा पाहावी. त्या कामासाठी जुन्या कॅसेटमधील टेप अजूनही सर्वांत सरस आणि फुकट आहे.

मेनच्या मागच्या कडेच्या, म्हणजे लीचच्या, रुंद फिती हा पाकिटाचा सर्वांत कच्चा भाग आहे. डोलकाठीमागच्या खळबळीमुळे मेनच्या पुढच्या भागात फिती फारशा उपयोगी पडत नाहीत. बॅटनच्या, म्हणजे शिडाला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या, टोकांशी, विशेषतः सर्वांत वरच्या बॅटनशी, लावलेली फीत मात्र फार बोलकी असते. समोरच्या वाऱ्याकडे चढताना ती काही वेळ मागे वाहते व काही वेळ शिडाआड वळून लपते, तेव्हा मेनशीट बरोबर असते. सतत लपली तर शीट सैल करावी, सतत वाहत राहिली तर थोडे आवळून पाहावे. पण हीच कड नाव पालटताना सर्वाधिक आपटते, आणि चिकट चकतीवर लावलेल्या फिती तेथून जिबवरच्यांच्या खूप आधी निघाल्या. शीड दुरुस्त करणाऱ्याकडून त्या लीचच्या दुमडीत शिवून घ्याव्यात. छत्री-रेनकोट दुरुस्तीवाल्याकडचा उरलेला पातळ नायलॉन त्यासाठी पुरेसा होतो, फक्त कापलेल्या कडा उदबत्तीने हलकेच वितळवून घ्याव्यात, नाहीतर दशा सुटतात.