बार्नेट शेलसाठी प्री-स्टॅक इन्व्हर्जन सेवा: कशाचे पैसे वसूल होतात?

प्री-स्टॅक इन्व्हर्जन म्हणजे वेगवेगळ्या कोनांतून परतलेल्या भूकंपीय लहरींवरून खडकाचे गुणधर्म काढणं. टेक्सासच्या बार्नेट शेल या वायूधारक खडकासाठी ही सेवा घ्यावी ती पी (दाबाच्या) आणि एस (आडव्या कंपनाच्या) लहरींच्या वेगांच्या गुणोत्तरासाठी (पी भागिले एस). क्वार्ट्झ जास्त असेल तिथे ते घटतं, चिकणमातीने वाढतं. फ्रॅकिंगला (द्रवाच्या दाबाने खडक फोडायला) खडक कुठे नीट फुटेल हे त्यावरून बऱ्यापैकी कळतं. घनतेचा नकाशा मात्र, ४० अंशांपलीकडच्या कोनांचा स्वच्छ डेटा नसेल तर, निव्वळ शोभेचा. शेल पापुद्र्यांचा, त्यात लहर आडवी जास्त वेगाने धावते; ही अ‍ॅनिसोट्रॉपी हिशेबात धरली नाही तर दूरच्या कोनांवरचे आकडे फसवतात. वेग सेकंदाला ४००० मीटर, वारंवारता ४० हर्ट्झ असेल तर २५ मीटरपेक्षा (तरंगलांबीच्या चौथ्या भागापेक्षा) पातळ थर सुटा दिसणार नाही, कितीही रंगीत छापा. एक विहीर इन्व्हर्जनबाहेर ठेवून तिच्या डायपोल सॉनिक लॉगशी (विहिरीतच मोजलेल्या पी-एस वेगांच्या नोंदीशी) ताळा मागा. टाळाटाळ झाली तर दुसरीकडे जा.