फोटोवरून वुडबर्निंगचा पॅटर्न: गिंप वापरून बघाच

वुडबर्निंग म्हणजे तापलेल्या पेनने लाकूड डागून चित्र काढणं. लाकडावर चेहरा करताना निम्म्याहून जास्त काम पेन तापवायच्या आधीच झालेलं असतं, पॅटर्नमध्ये, म्हणजे लाकडावर उतरवायच्या रेखाटनात. त्यामुळे कोणी मला विचारलं की भारीतलं पायरोग्राफी (म्हणजे वुडबर्निंगचंच) पेन कुठलं घेऊ, तर मी सांगते आधी गिंप टाकून घ्या कॉम्प्युटरवर, एक रुपया लागत नाही, पेनचं नंतर बघू.

गिंप म्हणजे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर, अमेरिकेत बर्कली विद्यापीठाच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये सुरू केलेलं, १९९६ मध्ये लोकांसाठी आलं आणि तेव्हापासून आजपर्यंत फुकटच आहे. विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. मार्च २०२५ मध्ये ३.० आलं, त्यात बरेचसे फिल्टर लावल्यानंतरही परत उघडून आकडे बदलता येतात, आणि आपल्या कामात आकडे सारखे बदलावे लागतात त्यामुळे नवीनच घ्या.

आता फोनवर एका बटणात फोटोचं स्केच करून देणारी ढीगभर अ‍ॅप आहेत, मग एवढा खटाटोप कशाला असं वाटेल. कारण यातली बरीचशी अ‍ॅप उजेड-अंधार जिथे झटकन बदलतो तिथे रेघ मारतात, बाकी त्यांना काही कळत नाही. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर ठळक येतं आणि नाकाची कड गालाच्या रंगात मिसळलेली असेल तर नाकच येत नाही. पैसे देऊन एका ऑनलाइन सेवेकडून पॅटर्न करून घेतला होता त्यातही हेच, केसांची प्रत्येक बट रेघांनी भरलेली आणि डोळ्यांच्या जागी काळे ठिपके. कुठली रेघ ठेवायची आणि कुठली सोडायची हे तो चेहरा ओळखणाऱ्या माणसानेच ठरवायला हवं, आणि गिंप ते ठरवायची मोकळीक देतं, म्हणून मला ते एवढं आवडतं.

उदाहरण देते. अलीकडे आजीचं पोर्ट्रेट केलं, फोटो रंगीत, नऊवारी, नाकात नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू. असा फोटो सरळ ब्लॅक अँड व्हाइट केला की कुंकू कपाळात मिसळून जवळजवळ गायब होतं, कारण लाल रंग आणि आपली सावळी त्वचा ग्रेमध्ये बऱ्याचदा सारख्याच गडद पडतात. गिंपमध्ये कलर्स मेन्यूत डिसॅच्युरेटच्या आत मोनो मिक्सर आहे, तिथे लाल, हिरवा, निळा प्रत्येकी किती घ्यायचा ते आपण ठरवतो. हिरवा वाढवून लाल कमी केला की कुंकू काळंभोर उठून येतं. उलट लाल वाढवला तर त्वचा मऊ दिसते, डाग बुजतात, पण कुंकू दिसेनासं होतं. मी दोन्हीच्या दोन लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर, केल्या, चेहरा लालवाल्या लेयरमधून घेतला आणि कुंकू, ओठ, लुगड्याचे काठ हिरव्यातून. आजीचा चेहरा आजीसारखा आला तो इथेच, लाकडाला अजून हातही लागला नव्हता.

मग येतं पोस्टराइझ, माझ्या मते या कामासाठी गिंपमधली सगळ्यात मोलाची गोष्ट. फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा असतात, आणि लाकडावर हाताने वेगवेगळ्या ओळखू येतील अशा पाच, फार तर सहा निघतात. पोस्टराइझला ५ आकडा दिला की फोटो पाचच छटांत येतो आणि कुठे किती गडद करायचं ते सरळ समोर दिसतं. फक्त आधी ग्रे करा, नाहीतर तो लाल-हिरवा-निळा वेगवेगळा मोजतो आणि चित्रविचित्र रंगांचे डाग येतात. आणि त्याच्याही आधी सिलेक्टिव्ह गॉसियन ब्लर हा धूसर करणारा फिल्टर थोडा द्या, त्याने कडा शाबूत राहतात पण त्वचेवरचे बारीक बारीक ठिपके जातात, नाहीतर पोस्टराइझ केल्यावर गालावर नुसता भुसा सांडल्यासारखं दिसतं.

या पाच छटांना नंबर द्यायचे. ज्या लाकडावर काम करायचंय त्याच्याच तुकड्यावर पाच चौकोन करायचे, १ म्हणजे कोरं लाकूड आणि ५ म्हणजे जितकं काळं होईल तितकं, आणि ही पट्टी प्रिंटच्या शेजारी ठेवूनच काम करायचं. लाकडात पांढरा रंग नसतो, कोरी जागा हाच आपला सगळ्यात उजळ भाग, आणि एकदा डागलेलं परत उजळ करायचं तर ब्लेडने खरवडणं किंवा पॉलिश पेपर एवढेच उपाय. म्हणून डोळ्यातली चमक, नथीच्या मोत्यांवरचा उजेड हे पॅटर्नमध्येच गोल करून "सोडणे" असं लिहून ठेवा.

शेवटी वर नवीन पारदर्शक लेयर घ्यायची, खालच्या फोटोची ओपॅसिटी (ठळकपणा) ४० टक्क्यांवर आणायची आणि रेघा स्वतः काढायच्या. माउसने हात दुखतो, ड्रॉइंग टॅबलेट असेल तर उत्तम. पोस्टराइझच्या कडा मात्र रेघ म्हणून अजिबात डागू नका, चेहऱ्याचा नकाशा होतो, त्या तुटक आणि फिकट ठेवा, फक्त शेड कुठे बदलते ते कळण्यापुरत्या. ठाम रेघ पापण्यांना, नाकपुडीला, ओठांच्या मधल्या फटीला आणि पदराच्या घड्यांना, बस.

लाकडावर उतरवायला ग्रॅफाइट पेपर (पेन्सिलीच्या शिशाचा थर असलेला कागद) घ्या, साधा कार्बन पेपर नको, त्यात मेण असतं, ते पेनच्या उष्णतेने पसरतं आणि खोडरबरने निघतही नाही. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स उलटी ठेवून इस्त्रीने पण उतरते, इंकजेटची नाही उतरत. इस्त्रीने करणार असाल तर प्रिंट काढायच्या आधी इमेज आडवी फ्लिप (आरशात दिसते तशी उलटी) करायलाच हवी, नाहीतर नथ उजव्या नाकपुडीत आणि पदर उजव्या खांद्यावर, आणि घरातल्या बायकांच्या नजरेतून हे सुटत नाही. A४ पेक्षा मोठं काम असेल तर गाइड (मदतीच्या रेषा) ओढून स्लाइस युजिंग गाइड्सने तुकडे पाडता येतात, मग जवळच्या झेरॉक्सवाल्याकडे नेऊन त्यांच्या प्रिंट काढून चिकटवून घ्या.

लाकडाबद्दल एवढंच की एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) नको, त्यातल्या चिकट रसायनात फॉर्मल्डिहाइड असतं आणि तो धूर छातीत जातो. सागवान मुळातच गडद आणि तेलकट, त्यावर पाच छटा मिळणं कठीण. फिकट आणि बारीक रेषांचं लाकूड बघा.

गिंप कोणाला जमणार नाही तेही सांगते. नुसता फोन असेल तर नाही, याचं अधिकृत मोबाइल अ‍ॅप नाहीये. मेन्यू भरपूर आहेत, पहिल्यांदा उघडल्यावर गांगरायला होतं, पण वर सांगितलेले चार-पाच पर्याय सोडून बाकीच्यांकडे बघायची गरजच नाही. आणि फोटोच वाईट असेल तर गिंप जादू करणार नाही. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत सावलीच नसते, चेहरा सपाट येतो, खिडकीशेजारी बाजूने उजेड पडलेला फोटो शोधा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो दाबलेला असतो, पोस्टराइझ केल्यावर त्यात चौकोन चौकोन दिसतात, म्हणून पाठवणाऱ्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. ८ इंच रुंद कामाला १६०० पिक्सेल असले तरी पॅटर्नपुरतं भागतं.

फाइल एक्ससीएफ या गिंपच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करून ठेवा, सगळ्या लेयर तशाच राहतात. आजीचं पोर्ट्रेट बघून आता मामांनाही हवंय, त्यांना देव्हाऱ्याशेजारी लावायला लहान पाहिजे, तर त्याच फाइलमधल्या लुगड्याच्या बारीक रेघा काढून टाकल्या आणि नवीन प्रिंट काढली.