‘तुमच्या वेदांसारखंच’ म्हणून मला विकलेली विद्या

डब्लिनमधल्या आमच्या ओळखीच्या दोघांनी गेल्या महिन्यात त्याच शिकवणीचे पैसे भरल्याचं कळलं, म्हणून लिहायला बसले. तीन वर्षांपूर्वी मीही भरले होते. ३८० युरो.

सुरुवात एका पुस्तकाने झाली. ड्रुइडांची, म्हणजे आयर्लंड, ब्रिटन, फ्रान्सकडच्या प्राचीन केल्टिक लोकांच्या पुरोहितांची, दोन हजार वर्षं गुप्त राहिलेली दीक्षा, आणि लेखकाला ती म्हणे आजीकडून मिळालेली. शेवटच्या पानावर टपालाने चालणाऱ्या शिकवणीचा पत्ता होता. पायऱ्या तीन, प्रत्येकीचे पैसे वेगळे.

शंका मला आली नव्हती असं नाही. याला लेखी आधार काय, असं मी सुरुवातीलाच विचारलं. उत्तर आलं, ‘‘तुमचे वेद तरी कुठे लिहिलेले होते? तोंडीच टिकले ना? तसंच आमचं.’’ माझे चुलत आजोबा वाईला वेद शिकलेले. त्यांची संथा ऐकत मी मोठी झाले. मी गप्प बसले. शिवाय सोबत त्यांनी रोमन सेनापती सीझरचा दाखला पाठवला होता: ड्रुइड आपली शिकवण लिहून ठेवत नसत, काही शिष्य वीस-वीस वर्षं शिकत. तो दाखला खरा आहे, सीझरने हे लिहिलंच आहे. त्यामुळे पुढचंही सगळं खरं असेल असं मी धरून चालले.

पण वेद टिकले ते शिकवणारे आणि शिकणारे मध्ये तुटले नाहीत म्हणून. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ. तीच ऋचा शब्द उलटसुलट करून म्हणायची, म्हणजे चूक झाली की लगेच कानाला खटकते. ड्रुइडांचं तसं झालं नाही. इसवी सन ६०च्या सुमारास रोमन सैन्याने वेल्सच्या अँगलसी बेटावर चाल करून त्यांच्या देवराया तोडल्या. आयर्लंडमध्ये पुढे ख्रिस्ती धर्म आला. जुन्या आयरिश कथा उरल्या, पण त्या लिहून घेतल्या ख्रिस्ती लेखनिकांनी. अशा कथांची ११००च्या आसपासची एक पोथी इथेच रॉयल आयरिश अकॅडमीत आहे. त्या कथांमध्ये राजे आहेत, लढाया आहेत, गुरं पळवणं आहे, ड्रुइडही भेटतात. त्यांचा दीक्षाविधी मात्र कुठे सांगितलेला नाही.

दुसऱ्या पायरीवर तीन वर्तुळं शिकवली. आब्रेडमध्ये जीव जन्मोजन्मी वर चढतो, ग्विन्व्हिदमध्ये आनंद, आणि केइगन्तमध्ये फक्त ईश्वर. हा तर आपला पुनर्जन्म आणि मोक्ष! मी भारावून आईला फोन केला होता, ते आठवलं की आजही वाईट वाटतं. हे सगळं १८६२ साली छापलेल्या ‘बार्दस’ या ग्रंथातलं निघालं, आणि त्यातला मजकूर योलो मोर्गानुग या नावाने लिहिणाऱ्या एका वेल्श पाथरवटाचा (१७४७–१८२६). आपल्या रचना तो जुन्या पोथ्यांमधल्या म्हणून पुढे करायचा. शिकवणीत रोज म्हणायला लावलेली प्रार्थनाही त्याचीच. विसाव्या शतकात ग्रिफिथ जॉन विल्यम्स या वेल्श अभ्यासकाने त्याची हस्तलिखितं तपासून हे उघड केलं. योलोने १७९२ साली लंडनच्या एका टेकडीवर भरवलेली कवींची सभा, गोर्सेद, वेल्समध्ये आजही भरते. ती कोणी सुरू केली हे तिथे लपवत नाहीत, लोक प्रेमाने जमतात. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आमचं नवं आहे असं सांगून निसर्गपूजा करणाऱ्यांबद्दलही नाही.

झाडांच्या नावांचं तेरा महिन्यांचं ‘प्राचीन’ पंचांगही असंच. ते इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्हज यांच्या १९४८च्या पुस्तकातून पसरलं. खरं केल्टिक पंचांग फ्रान्समध्ये कोलिन्यीला १८९७ साली सापडलं, काशाच्या पत्र्याच्या तुकड्यांवर कोरलेलं. त्यात बारा चांद्रमास आहेत आणि आपल्यासारखा अधिकमास आहे. झाडांचे तेरा महिने नाहीत.

माझे डोळे उघडले ते कॉर्कला. तिथल्या विद्यापीठाच्या एका ओवरीत ओगम या जुन्या आयरिश लिपीचे दगड ओळीने उभे आहेत. शिकवणीतून मला याच लिपीच्या वीस लाकडी काड्या आल्या होत्या, भविष्य पाहायला. दगडांवर मंत्र असतील अशा समजुतीने मी गेले. खालची पाटी वाचली तर अमक्याचा, तमक्याच्या मुलाचा, एवढंच. बांधावरच्या दगडासारखं. मी बराच वेळ तिथेच उभी राहिले.

घरी येऊन पत्र लिहिलं: कोणती पोथी, कोणत्या ग्रंथालयात, कितवं पान? उत्तर आलं, तिसऱ्या पायरीनंतर सांगू. पैसे परत मागितले, तर साहित्य पोचलंय म्हणून नकार.

जुनं आयरिश साहित्य वाचायचंच असेल, तर त्याच कॉर्क विद्यापीठाने मूळ संहिता आणि बरीच भाषांतरं इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. त्या दोघांचा दुसरा हप्ता साउइन या जुन्या केल्टिक सणाआधी, ऑक्टोबरअखेर भरायचा आहे. तो भरण्याआधी त्यांनी एवढं विचारावं: तुमचे गुरू कोण, आणि त्यांचे गुरू कोण? माझ्या चुलत आजोबांना कोणी हे विचारलं, की ते हात जोडून एकेक नाव घ्यायचे.