गोडा मसाला हॅम्बुर्गला गेला, आणि यावेळी कुठे अडला नाही

वडोदऱ्यात दांडिया बाजारात माझा घरगुती मसाल्यांचा धंदा आहे. हॅम्बुर्गच्या एका दुकानदाराला हळद, तिखट आणि गोडा मसाला जातो. मागच्या खेपेला निर्यातीचे कागद करणाऱ्या दुसऱ्या एका एजंटाने तिन्ही माल "मसाला" म्हणून एकाच ओळीत, हळदीच्या कोडखाली टाकला. कोड म्हणजे कस्टममध्ये प्रत्येक मालाचा ठरलेला आकडा, त्यावरून शुल्क ठरतं. पार्सल तिकडच्या कस्टममध्ये अकरा दिवस पडून राहिलं आणि गोदामाचं भाडं दुकानदाराला भरावं लागलं. त्याला तोंड दाखवायची मला लाज वाटली.

म्हणून मालाचे कोड ठरवून निर्यातीचे कागद करणाऱ्या या ऑफिसात आले. इथल्या दादांनी कागद बाजूला ठेवून आधी पाकीट फोडलं. चिमूटभर गोडा मसाला तळहातावर चोळून हुंगला नि विचारलं, "मावशी, खोबरं किती, तीळ किती? मीठ घालता का?" मी पूर्ण कृती वजनासकट लिहून दिली. मग त्यांनी समजावलं: धणे 0909 मध्ये, लवंग 0907 मध्ये, पण वेगवेगळ्या शीर्षकांतले, म्हणजे पहिले चार आकडे वेगळे असलेले मसाले एकत्र दळले की मिश्रण 0910 91 मध्ये जातं. खोबरं-तीळ थोडं असेल तर चालतं. पण इतर जिन्नसांनी मसाल्याचं मूळ रूपच बदललं, तर तो 2103 चा, म्हणजे सॉस आणि तयार चवीच्या मिश्रणांच्या गटातला माल होऊ शकतो. माझं मेतकूट त्यांनी हाती धरून पाहिलं आणि सरळ सांगितलं की यात डाळ-तांदूळच जास्त, हे मसाल्यांत बसणार नाही, वेगळी ओळ करू.

दळण्याने शुल्क बदलतं हे मला तिथेच कळलं. युरोपात अख्खी तिखट लाल मिरची मूळ दराने, म्हणजे कुठलीही खास सवलत न धरता, शून्य शुल्कात जाते, तीच दळली की 0904 22 आणि 5 टक्के. मिऱ्यांचंही तसंच, अख्खे शून्य, पूड 4 टक्के. हळदीला मात्र गाठी असोत की पूड, शुल्क नाही. शुल्क दुकानदारच भरतो, पण त्याचा हिशेब चुकला की पुढची ऑर्डर माझी जाते. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे प्रत्येक देशाचे आपापले, हेही त्यांनी कागदावर लिहून दिलं.

तक्रार एकच. दुपारी दोन ते चार कुणी फोन उचलत नाही, आणि जिना फार उभा आहे. पण 62 किलोचा माल चार ओळींच्या इन्व्हॉइसवर गेला आणि एकही प्रश्न न येता सुटला. पुढच्या आठवड्यात कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट घेऊन जाणार आहे. त्यात मीठ आणि तेल दोन्ही आहे, म्हणून आधी यांनाच हुंगायला देते.