पानांसाठीचा फ्लुरोमीटर खोडांवर: आठ महिन्यांचा अनुभव

ऑक्टोबर ते मे मी हातात धरायचा क्लोरोफिल फ्लुरोमीटर (हरितद्रव्य परत फेकतं तो मंद प्रकाश मोजून प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा कशी चालते हे दाखवणारं यंत्र) वापरला, पण पानांवर नाही. मेळघाटाच्या कडेला बांधांवर असलेले कांडोळ, थोड्या सालई आणि घरामागचा शेवगा, यांच्या खोडांवर. कंपनीचं नाव लिहीत नाही. पानासाठी बनवलेला कुठलाही मीटर खोडाला लावला की याच अडचणी येतील.

कांडोळाचा कागदासारखा पापुद्रा नखाने उचलला की खाली हिरवा थर दिसतो. फेब्रुवारीत झाडावर पान नसतं, फुलं असतात. तेव्हा हा थर काम करतो का, एवढाच माझा प्रश्न. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ०.०४ टक्के, खोडाच्या आत तो बऱ्याच झाडांत ३ ते १० टक्क्यांपर्यंत असतो. श्वसनातून सुटलेला हा वायू बाहेर पडायच्या आत खोड त्यातला काही परत वापरतं.

पहिला महिना क्लिपमध्ये गेला. क्लिप सपाट पानासाठी असते, गोल फांदीवर कडेने उजेड आत शिरतो आणि मोजण्याआधी अंधारात ठेवण्याची अर्धा तासाची मेहनत वाया जाते. शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, त्याला प्रोबच्या मापाचं भोक पाडलं आणि फांदीभोवती घट्ट बांधला. त्या दिवसापासून रीडिंग एका जागी राहायला लागलं. तरी पहाटे, उजाडायच्या आत घेतलेलं रीडिंगच मी धरतो.

सिग्नल वाढावा म्हणून सुरुवातीला मी ब्लेडने साल खरवडायचो. ते करू नका. कांडोळाला लगेच डिंक सुटतो, आणि मग आपण जखमेचं मोजमाप करत बसतो. शिवाय गरजही नाही. निरोगी पानात ०.८३ च्या आसपास येणारी प्रकाश वापरण्याची कमाल कार्यक्षमता हे मीटरच्या किमान आणि कमाल रीडिंगवरून काढलेलं गुणोत्तर आहे. साल ही दोन्ही रीडिंग सारख्याच प्रमाणात मंद करते, त्यामुळे गुणोत्तर टिकतं. पानं झडल्यावरही माझ्या कांडोळांचं गुणोत्तर पहाटे चांगलं राहिलं. दुपारी उन्हाकडची बाजू खाली यायची, सावलीकडची फारशी नाही.

खरा घोळ इलेक्ट्रॉन वहनाच्या आकड्यात आहे, म्हणजे शोषलेल्या प्रकाशावर यंत्रणा किती वेगाने चालते याच्या मीटरने काढलेल्या अंदाजात. पडलेल्या प्रकाशापैकी ८४ टक्के शोषला गेला असं मीटर गृहीत धरतो. हे पानाचं गणित. खोडावर बराच प्रकाश सालीतच अडतो, म्हणून स्क्रीनवरचा तो आकडा फुगलेला असतो. तीन महिने मी तो वहीत उतरवत होतो. सगळे रकाने खोडावे लागले. कुणी खोडांचे असे आकडे छापले असतील तर आधी विचारा, शोषण मोजलं होतं का.

आणि मुळात हा मीटर यंत्रणा जिवंत आहे एवढंच सांगतो, किती कार्बन परत बांधला हे नाही. त्यासाठी कार्बन डायऑक्साइड मोजणारा गॅस विश्लेषक भाड्याने आणला आणि फांदीला बसेल असा ॲक्रिलिकचा डबा करून घेतला. अंधारात किती वायू बाहेर येतो, उजेडात किती, त्यातला फरक म्हणजे परत वापरलेला वायू. मात्र उन्हात डबा तापला की श्वसन वाढतं आणि फरक खोटा दिसतो, म्हणून सालीला चिकटवलेला तापमापक हवाच.

सर्वांत स्वस्त उपाय स्वयंपाकघरातला फॉइल. शेवग्याच्या काही फांद्या दोन महिने सैल गुंडाळल्या, सालीवरच्या छिद्रांना हवा मिळेल अशा, आणि तुलनेसाठी शेजारच्यांवर पारदर्शक प्लास्टिक तसंच लावलं. वानरांनी दोन फांद्यांचा फॉइल ओढून काढला. उरलेल्यांची साल उघडली तेव्हा हिरवा थर फिकट पिवळसर झाला होता. ८० टक्के ॲसिटोनमध्ये अर्क काढून ६४५ आणि ६६३ नॅनोमीटरला, म्हणजे हरितद्रव्य शोषतं त्या लाल प्रकाशात, बघितला, हरितद्रव्य घटलेलंच निघालं.

मीटर मी ठेवणार आहे, पहाटेच्या त्या एका गुणोत्तरासाठी. पैसे मोजकेच असतील तर आधी फॉइल आणि ॲसिटोन घ्या, विश्लेषक भाड्याने मिळतो का बघा, मीटर त्यानंतर. येत्या ऑक्टोबरात मी तीच झाडं पुन्हा धरणार, ट्यूबचे तुकडे आत्ताच कापून ठेवलेत.